राउटरची कुंची

सर्व आप्तेष्टांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, फुलपाड्यातल्या आमच्या वन बीएचकेमधला राउटर सात वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाला.

निवृत्तीचं कारण आमची मुलगी. शनिवारी अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती, शेवटची फेरी. आधीच्या फेरीत या राउटरने तिला दोनदा तोंड उघडं ठेवून गोठवलं होतं. नवा राउटर शुक्रवारीच आला, पण अमावास्या म्हणून बायकोने खोकं उघडू दिलं नाही.

जुना राहायचा स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर. केबलवाल्याने वायर त्याच खिडकीतून आत घेतली होती ना. आमच्या घरात उघडं काही राहत नाही. मिक्सरला झबलं, रिमोटला प्लॅस्टिक, फ्रिजच्या मुठीला मोजा. राउटरला बायकोने जुन्या पडद्याची कुंची शिवली होती. तिच्यावर सात वर्षांच्या फोडण्या बसल्या होत्या.

शनिवारी दहाला मी ती कुंची काढायला गेलो, तर निघेना. सोलावी लागली. खाली तपकिरी थर, बोटाला तार सुटेल इतका चिकट. त्यात मोहरी, एक मेलेली माशी आणि चहाच्या भुकटीसारखं काहीतरी, जे चहाची भुकटी नव्हतं. वास खवट तेलाचा, आणि त्याच्याखाली आणखी एक, ज्याचं वर्णन जेवणाऱ्या वाचकांसाठी टाळतो. आत काहीतरी खुळखुळलं. शहाण्या माणसाने तो राउटर तसाच कचऱ्यात टाकला असता. मी कानाशी नेऊन हलवला.

भोकाभोकांतून झुरळं बाहेर पडली. थोरली, मधली आणि पांढुरकी पिल्लं. काही ओट्यावरच्या कोथिंबिरीत शिरली, दोन माझ्या बाहीत. मी सिंकवर वाकून कोरड्या ओकाऱ्या काढत होतो आणि फोनवर केबलवाला सांगत होता, "काका, वायर काढा, नव्यात घाला. बाकीचं मी इथून करतो."

वायरचं टोकही बरबटलेलं. मी बायकोकडे जुना टूथब्रश मागितला.

"तुमचाच घ्या," ती म्हणाली. "नाहीतरी बदलायचाच आहे."

टोक घासून वायर हॉलमध्ये ओढत आणली, मुलीच्या खुर्चीमागे नवा राउटर लावला. अकराला दहा कमी असताना हिरवा दिवा लागला. बायकोने कुकर बंद केला, शेजाऱ्यांचं ड्रिल थांबवून आली आणि मला दटावलं, "शिंकलात तरी माझ्याशी गाठ आहे. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

मुलाखत झकास चालली होती. पडद्यावरचे साहेब मान डोलावत होते. तेवढ्यात त्याच वायरवरून एक झुरळ सावकाश चालत आलं. खुर्चीची पाठ, मग मुलीचा खांदा, मग कॉलर. तिला कळलं होतं. इंग्रजी अस्खलित, मान ताठ, डोळ्यांत पाणी. मी तोंडावर हात दाबून उभा. झुरळाने मिशा हलवल्या आणि कॉलरच्या आत डोकं घातलं.

मग बायको घरभर ऐकू जाईल असं ओरडली, "खड्ड्यात गेली नोकरी, तू आधी ऊठ तिथून!"