सम्मेदचं तिसरं वर्ष

सम्मेद चौगुले रोज सकाळी सांगलीच्या एसटीत चढायचा तेव्हा त्याच्या खांद्याला बॅग असायची, आणि बॅगेत आईनं धुऊन घडी घातलेला पांढरा कोट. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत घालायचा तो कोट. गावात सगळ्यांना माहीत होतं, तवनाप्पांचा मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पण त्या अख्ख्या वर्षात सम्मेद कॉलेजच्या फाटकातून एकदाही आत गेला नव्हता.

आमचं गाव कृष्णेकाठचं. तवनाप्पांचं घर माझ्या घराला लागून. ऊस, थोडी हळद, दारात दोन म्हशी, असं खाऊन-पिऊन बरं चाललेलं घर. सम्मेद थोरला आणि त्याच्या पाठीवर दोन वर्षांनी प्रियदर्शनी. पोरगा लहानपणापासून अबोल, पण हुशार. त्याला रागावायची वेळच कधी आली नाही. आज मागं वळून पाहताना वाटतं, तिथंच कुठंतरी चुकलं. आपल्यावर कुणी रागावेल तेव्हा काय करायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

सुरुवात अगदी बारीक झाली. पहिल्या सेमिस्टरला गणिताच्या इंटर्नलचा सेमिनार होता आणि त्याच दिवशी बोरगावला मावसभावाचं लग्न. सोबतचा वीरधवल, विट्याकडचा पोरगा, म्हणाला, "जा की रं. इंटर्नल काय, सर देत्यातच." सम्मेद लग्नाला गेला. सरांनी मार्क दिले नाहीत. निकालपत्रावर गणितापुढं 'एफ' ग्रेड आली.

लेखी पेपरात त्याला चांगले मार्क होते. मग नापास कसा? त्यानं आपलं गणित मांडलं की दोन्हीची बेरीज कमी पडली असणार, लेखीत आणखी मार्क काढले की भागेल. परीक्षेच्या फॉर्मवर लेखी आणि इंटर्नल असे दोन वेगळे चौकोन होते. त्यानं लेखीवर खूण केली. एटीकेटीवर दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळालाच होता, त्यामुळं घरी सांगण्यासारखं काही घडलंय असंही त्याला वाटलं नाही. त्यानं तो पेपर पुन्हा दिला, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क पाडले. ग्रेड तीच राहिली. छापण्यात चूक असेल, तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला विचारू, असं म्हणून त्यानं ते मागं टाकलं.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि कागद परत सरकवले.

"तुझा प्रवेश होत नाही. पहिल्या वर्षाचं गणित राहिलंय."

"मॅडम, गणितात मला चांगले मार्क आहेत."

"लेखीत आहेत. इंटर्नलला तू गैरहजर आहेस. दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. इकडचे मार्क तिकडं धरत नाहीत."

"मग मी परत परीक्षा दिली ती?"

"ती लेखीची दिलीस. त्यात तू आधीच पास होतास."

मागची रांग पुढं ढकलत होती. बाईंनी तरीही समजावून सांगितलं. पहिल्या वर्षाचे सगळे क्रेडिट पुरे झाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला नाव नोंदवता येत नाही. जुना अभ्यासक्रम बंद झालाय, म्हणून विभागप्रमुखांकडं जायचं, नव्यातला कुठला विषय त्याच्या जागी चालेल ते लिहून आणायचं, त्याचं इंटर्नल द्यायचं. "महिनाअखेरपर्यंत आण. एक वर्ष जाईल, पण होऊन जाईल."

सम्मेद "हो" म्हणाला आणि विभागप्रमुखांच्या खोलीपर्यंत गेला. आत चार-पाच प्राध्यापक चहा पीत हसत बसले होते. तो दारातूनच फिरला. उद्या येऊ, असं त्यानं ठरवलं.

घरी आला तर ओसरीवर तवनाप्पा पाहुण्यांना सांगत होते, "आमचा सम्मेद आता शेवटच्या वरसाला. कुपवाडला केमिकलचं कारखानेवाले शहा हाईत, त्यांनी शबुद दिलाय. पोरगं पास झालं की थेट लॅबमदी." मग सम्मेदकडं वळून त्यांनी विचारलं, "व्हय रं, झाली न्हवं ॲडमिशन?"

"झाली आण्णा."

एवढंच तो बोलला.

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले, हे त्यानं मला फार नंतर सांगितलं. सकाळी एसटी. मग सांगलीत कृष्णेच्या घाटावर, ऊन चढलं की वाचनालयात, आणि तिथला शिपाई ओळखायला लागला तेव्हा मिरजेच्या स्टेशनवर. उद्या सरांकडं जाऊ, असं रोज म्हणता म्हणता तारीख टळली. टळल्यावर तर जायला तोंडच उरलं नाही. आणि त्याच जूनमध्ये प्रियदर्शनीनं त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घातलं. म्हणून तो तिच्या आधीच्या एसटीनं निघायला लागला. "आमची प्रॅक्टिकल लौकर असत्यात," म्हणायचा.

पोरगी हुशार. दिवाळीनंतर एकदा हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, लॅबमध्ये बघितलं. तुमच्या वर्गाची पोरं होती. तू नव्हतास."

"दुसऱ्या बॅचला असतो मी."

तिनं पुढं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती त्याच्या ताटाकडं बघत जेवायला लागली. तो कमी कमी जेवत होता.

आईलाही काही जाणवत होतं. गुणमालावहिनी एकदा मला म्हणाल्या, "पयलं कोटावर कसले कसले डाग यायचे. यंदा कोट जसा धुते तसाच परत येतोय." बहुतेक हे त्यांनी सम्मेदपुढंही बोलून दाखवलं असावं. कारण पुढच्या आठवड्यात कोटाच्या बाहीवर पिवळा डाग आला. वहिनींनी साबण लावला, तर डाग कुंकवासारखा लाल झाला. हळदीच्या घरात उभा जन्म गेलेल्या बाईला वेगळं काय सांगायचं!

"सम्मेद, हळद कुठं लागली रं ही?"

"हळदीचाच प्रयोग होता, आई."

कॉलेजात हळदीचा प्रयोग असतोही. वहिनींनी मान हलवली. पोरगा खोटं बोलतोय की आपलं मन वाईट चिंततंय, हे त्यांना कळत नव्हतं.

उन्हाळ्यात परीक्षा झाल्या. सम्मेद पेपराच्या दिवशी पॅड घेऊन निघायचा आणि पेपर सुटायच्या वेळेला परतायचा. तवनाप्पा विचारायचे, "कसा गेला?" तो म्हणायचा, "सोपा होता." बोलताना तो भिंतीकडं बघायचा. अंगानं इतका सुकला होता की शेजारच्या बनाबाईंनी त्याची दृष्ट काढली.

मग तो दिवस आला. निकाल अजून लागायचा होता, पण गावातल्या पोरांच्या उत्साहाला निकालाची गरज नसते. त्यांनी परस्पर स्टँडवर फ्लेक्स लावला. सम्मेदचा बारावीतला फोटो, हार, आणि खाली 'बी.एस्सी. पदवी संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, सत्कार ठरला होता. शहांचा कुपवाडहून निरोप आला होता, निकालपत्र घेऊन या.

संध्याकाळी सम्मेदची एसटी स्टँडवर थांबली. खिडकीतून त्याला स्वतःचा चेहरा दिसला, त्याच्यापेक्षा मोठा, हसरा. फ्लेक्सखाली त्याचे वडील उभे होते, कुणाशी तरी बोलत. एसटीत आमच्या गावची धोंडुबाई होती. तिनं उतरताना हाक मारली, "आरं, उतर की, गाव आलं." सम्मेद जागचा हलला नाही. एसटी पुढं निघून गेली.

त्या रात्री तो आला नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. दादाचं नाव तिसऱ्या वर्षाच्या हजेरीत नाही, हे ती हिवाळ्यापासून जाणून होती. "मला वाटलं, मी बोलले तर तो काहीतरी करून घेईल," ती म्हणाली. तवनाप्पा उठले. सरळ स्टँडवर गेले आणि फ्लेक्स स्वतःच्या हातानं फाडून काढला.

शोधाशोध सुरू झाली. घाट पाहिले, मिरजेचं स्टेशन पाहिलं, दवाखाने पाहिले. आठवड्यानं पोलिसांचा फोन आला. म्हैसाळच्या बंधाऱ्याला एक तरुण देह लागला होता, ओळखायला या. मी तवनाप्पांबरोबर गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना उभा ऊस, वारा अजिबात नाही. तवनाप्पा एकदाच बोलले. "त्याला पोहायला येतंय," ते म्हणाले. म्हैसाळला पोचलो. चादर बाजूला केली, तेव्हा त्यांनी आधी तोंडाकडं पाहिलंच नाही. पायाकडं पाहिलं. मग खालीच बसले. तो दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा होता.

परत येताना त्यांना हायसं वाटलं असेल असं कुणी म्हणेल. तसं काही नव्हतं. घरी आल्यावरही फोन वाजला की सगळे एकमेकांकडं बघायचे आणि कुणी उचलायचं नाही.

पाऊसकाळात एकदा प्रियदर्शनीनं तो उचलला. वीरधवल होता. तो दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून तमिळनाडूत, सेलमला, मामाच्या सोनं गाळायच्या दुकानात गेला होता. "सम्मेद हितं माझ्यापाशी हाय. सांगू नको म्हणून शपथ घातलीय त्यानं. पण त्याला लय खोकला लागलाय. मला भ्या वाटतंय."

तवनाप्पा एकटेच गेले. बोळातली एक खोली, भट्टी, आणि आम्लात सोनं टाकलं की उठणारा तांबूस धूर. त्या धुरात तोंडाला फडकं बांधून सम्मेद उभा होता. वडिलांना पाहून त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आण्णा, मी लेखीत पास होतो. इंटर्नलला..."

"मला त्यातलं काय कळत न्हाई," तवनाप्पा म्हणाले. "जिता हायस. चल."

कॉलेजात या वेळी चौघंही गेले. विभागप्रमुखांनी सम्मेदचा सगळा रेकॉर्ड काढला, बराच वेळ पाहिला. माणूस वाईट नव्हता. "समकक्ष विषय मी आत्ता लिहून देतो. या सेमिस्टरला इंटर्नल दे, पुढच्या वर्षी तिसऱ्यात बस. पण एक लक्षात घे. पहिल्या प्रवेशापासून ठरावीक वर्षांतच पदवी पुरी करावी लागते. त्या वर्षी माझ्या दारातून परत फिरलास, असं आत्ता सांगितलंस ना? तेव्हा आत आला असतास तर एक वर्ष हातात राहिलं असतं. आता तिसरं वर्ष हेच तुझं शेवटचं वर्ष. त्यात एक विषय जरी राहिला, तरी नोंदणी रद्द होते. मग मीही काही करू शकणार नाही."

"आणि आधीची दोन वरसं?" तवनाप्पांनी विचारलं.

"मग तीही वाया जातात," सर म्हणाले.

सम्मेदनं इंटर्नल दिलं, पास झाला. यंदा तो तिसऱ्या वर्षाला आहे, प्रियदर्शनीच्याच वर्गात. दोघं एकाच एसटीनं जातात. परीक्षेचा फॉर्म भरताना ती प्रत्येक चौकोन बोटानं दाखवते, तो खूण करतो, ती पुन्हा बघते. खोकला गेलेला नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो काढायला सांगितलाय. सम्मेद म्हणाला, परीक्षा झाल्यावर.

परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. एका पेपरात खोकल्याची उबळ आली आणि त्याला बाहेर जावं लागलं. परतला तेव्हा वेळ थोडा उरला होता. किती प्रश्न सुटले, ते त्यानं नेमकं सांगितलेलं नाही. पण पेपर अवघड गेला, हे मात्र त्या दिवशी घरात पाऊल टाकताच सांगितलं. तवनाप्पा म्हणाले, "बरं." वहिनींनी ताट वाढलं. प्रियदर्शनी पाणी आणायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

निकाल लागायचा आहे. गावात कुणी त्याचं नाव काढत नाही, आणि शहांनी कुपवाडची जागा केव्हाच दुसऱ्याला दिली. परवा सम्मेद माझ्या कट्ट्यावर येऊन बसला होता. मी भीत भीतच विचारलं, "आणि विषय राहिला तर रं?"

तो बराच वेळ खोकत राहिला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "काय करीन ते माहीत न्हाई काका. पण घरी येऊन, सांगून करीन."