चिंचेच्या गोळीतले क्विनीन

आजारी माणसाच्या घरात हसण्यासारखे प्रसंग इतके कसे साचतात, कोण जाणे. माझी बायको सरू हिवतापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा भोकरदनच्या आमच्या घरात असेच साचले. नातेवाईक जमले की अजून मला ते सांगायला लावतात.

सरूच्या पोटात क्विनीन ठरत नव्हते. पुडी दिली की उलटी. डॉक्टर म्हणाले होते, औषध पोटात राहिले तरच ताप हटेल. मग माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, चिंचेचा कोळ गुळात घट्ट आटवला, आत क्विनीन घालून गोळ्या वळल्या आणि पिठीसाखरेत घोळवल्या.

पहिली गोळी चघळून सरू म्हणाली, "वन्सं, नवरदेवावानी सजवली खरी. पण आतून कडू ते कडूच!" आणि माझ्याकडे पाहिले.

उलटी झाली नाही. तरी मी दुपारभर घड्याळाकडे बघत दारातच बसलो.

*

लढाईचे दिवस, साखर मिळेना. अक्काने फडताळातली खडीसाखर कुटून लावली. शेजारचे बापूराव विचारपूस करायला आले, त्यांना बिनऔषधाची एक दिली. त्यांचे ओठ आवळले ते सुटेनात. अक्काने पाणी निवळायची तुरटी कुटली होती!

चूळ भरून बापूराव म्हणाले, "अक्का, आमच्या मंडळीसाठी बी दोन बांधा. घर जरा शांत राहील."

सगळे हसले. मी आत धावलो. तसलीच तुरटीची गोळी सरूच्या हातात होती. तोंडात गेली नव्हती.

*

पावसाळी हवेने साखरेला पाणी सुटले. औषधाच्या आणि साध्या गोळ्या एकाच ताटात चिकटून बसल्या. कोणती कुठली, कळेना. क्विनीन जालन्याहून आणावे लागे, टाकून देणार कसे? मी एकेक चाखत बसलो. संध्याकाळी क्विनीनने माझे कान वाजू लागले.

"काय होऊन राह्यलं तुम्हाला?" सरूने विचारले.

"काही ऐकू येत नाही."

"मंग काही फरक न्हाई पडला."

*

अक्का राजूरच्या गणपतीला नवस बोलून आली. घरी आल्यावर लक्षात आले, घाईत नैवेद्याला क्विनीनचीच गोळी गेली. तिचे तोंड उतरले.

सरू पडल्या पडल्या म्हणाली, "असू द्या वन्सं. देवाला तरी ताप येणार न्हाई."

*

ताप काही हटेना, तेव्हा डॉक्टर पुन्हा आले. मला अंगणात नेऊन हळू आवाजात म्हणाले, "आता क्विनीन बंद करा. उगाच त्रास कशाला? मागतील ते खाऊ द्या."

मी फक्त अक्काला सांगितले. आमच्या मुलीला, नमूला, सांगायचा धीर झाला नाही. सरूलाही नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काने साधीच गोळी वळली. नमूने ती रोजच्यासारखी साखरेत घोळवून आईच्या तोंडात घातली आणि वाकून बघत उभी राहिली.

सरूने गोळी चघळली. मध्येच थांबली. तिने अक्काकडे पाहिले, मग माझ्याकडे. अक्का भांडी आवरायला लागली.

"आई, कडू हाय का?" नमूने विचारले.

सरूने तोंड वेडेवाकडे केले.

"लई," ती म्हणाली. "आज जास्तच."