दीपगृहाच्या शेवटी होडीत कोण होतं

प्रस्तुत लेखकाने आजवर चुका पुष्कळ केल्या, पण एखाद्याच्या वारलेल्या बायकोला खोटारडी ठरवण्याची ही पहिलीच खेप. तीही कशी, तर तीन आठवडे खपून, आणि वर आपण कुणाचं तरी भलं करतोय अशा समजुतीत.

ती बायको शिक्केवाले काकांची. काका रबरी शिक्के बनवतात. तळमजल्यावर पुढच्या खोलीत दुकान, मागे राहायची जागा, आणि वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून सरकारी कचेरीतला एक कनिष्ठ लिपिक, म्हणजे प्रस्तुत लेखक. दुकानात भिंतभर लाकडी कप्पे आणि कप्प्यांत शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं. शिक्का कागदावर सुलटा उमटायचा तर खिळे उलटे जुळवावे लागतात, म्हणून काकांना आरशात बघितल्यासारखं उलटं वाचायची सवय. सुलटं मात्र हळूहळू, हवेत बोट फिरवत. इंग्रजीची अक्षरं तेवढी ओळखीची, शब्दांशी बोलणं नाही. एखाद्या कंपनीचं चार ओळींचं नाव ते एका दमात जुळवतील, चूक काढून दाखवणाऱ्याला बक्षीस; पण ती कंपनी साबण विकते की शवपेट्या हे त्यांना विचारू नये.

अशा माणसाला परदेशी सिनेमाचं वेड लागलं ते गल्लीच्या टोकाची कॅसेट लायब्ररी बंद पडली तेव्हा. मारामाऱ्यांच्या आणि गाण्यांच्या कॅसेट लोकांनी पहिल्याच दिवशी उचलल्या. मागे एकेचाळीस उरल्या, सगळ्या परक्या भाषांतल्या, तीस-चाळीस वर्षं जुन्या सिनेमांच्या, खाली इंग्रजी ओळी पळणाऱ्या. मालक म्हणाला, "काका, घेऊन जा. कुणी हात लावत नाही यांना. माणसं काय बोलतात ते कळत नाही, आणि बहुतेक वेळ बोलतच नाहीत."

काकांना नेमकं तेच आवडलं. "आपल्याकडे माणूस दार उघडतो आणि आत येतो," ते म्हणायचे. "यांच्यात आधी दाराकडे बघतो. मग आपण त्याच्याकडे बघतो. मग कळतं, याला आत यायचंच नाहीये."

खालच्या ओळी वाचायला काकू होत्या. काकू टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर, एकोणतीस वर्षांची नोकरी. कानाला यंत्र लावून या टोकाचं त्या टोकाला जोडून द्यायचं, आणि जोडून दिलं की आपला आवाज मधून काढून घ्यायचा, हा त्यांचा धंदा. घरीही त्यांनी तेच केलं. दर रविवारी दुपारी दोघं दोन खुर्च्यांवर बसत, आणि काकू इंग्रजी ओळ बघून तिथल्या तिथे मराठीत सांगत. रडणारी बाई असो, खुनी असो, की बंदर गिळत सुटलेली अवाढव्य गोगलगाय बघून पळणारे लोक असोत, सगळ्यांचा आवाज एकच: "पळा. पळा. ती इकडेच येते आहे." ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली, असं सांगितल्यासारखा.

गोगलगायीचा सिनेमा काकांचा खास लाडका. नऊ वेळा पाहिलेला. गोगलगाय रबराची, त्यामुळे त्यात त्यांना बोलायचा अधिकार होता. "भाजणी कच्ची राहिलीय. शिंगं बघ कशी लोंबतायत," असं ते दर वेळी म्हणत, आणि काकू दर वेळी, "त्यांना कळवते," म्हणत.

प्रत्येक सिनेमाला काकांनी नावाचा शिक्का केला होता, कारण मूळ नावं त्यांना उच्चारता येत नसत. 'दीपगृह'. 'गोगलगाय'. 'बर्फातला वकील'. 'मुकी शिंपीण'. एखादी कॅसेट पहिल्यांदा बघून झाली की तिच्या डबीवर दुसरा शिक्का: 'पाहिला', खाली तारीख.

काकू गेल्यावरही रविवार दुपारची सवय सुटली नाही. वरच्या खोलीत एकसुरी पुटपुट ऐकू यायची. लिपिकाला वाटायचं, पाहुणे आले असतील. पाहुणे इतके नियमित कसे, म्हणून एकदा तो जिन्यावरून वाकून बघायला गेला, तर काका एकटेच. पडद्यावर समुद्र, आणि काका काकूंच्या ओळी म्हणत होते. एकेचाळीस सिनेमे त्यांना पाठ होते.

प्रस्तुत लेखकाचं शिक्षण लहान गावातलं, त्यामुळे इंग्रजी थोडं आणि आत्मविश्वास फार. त्याने ठरवलं, काकांना सुखद धक्का द्यायचा. 'दीपगृह' मागून नेलं, संगणकावर उतरवलं, आणि इंग्रजी झाकून तिथे मोठ्या टायपात मराठी ओळी बसवल्या. काकांना वेळ मिळावा म्हणून जिथे जमेल तिथे ओळ जास्त वेळ ठेवली. एका शब्दासाठी दोनदा ग्रंथालयात जाऊन आला.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. लेखक काकूंच्या खुर्चीकडे वळला तेव्हा म्हणाले, "तिथे नको. स्टूल घे."

'दीपगृह'ची गोष्ट साधी आहे. खडकावर दीपगृह, तिथे एक माणूस आणि त्याची बायको. बायको औषधपाण्यासाठी किनाऱ्यावरच्या गावात जाते. तो वाट बघतो. एक पत्र येतं. शेवटी एक होडी येते, फार लांबून, तिच्यात एक माणूस ठिपक्याएवढा, आणि सिनेमा संपतो.

पत्रापर्यंत सगळं छान चाललं होतं. काकांचं बोट हवेत फिरत होतं. मग पडद्यावर आलं: "मी आता परत येणार नाही. माझी वाट बघू नकोस."

बोट थांबलं. "इथे चुकलंय तुझं."

"कुठे?"

"पत्रात. ती लिहिते, पाणी ओसरलं की येते, मागचं दार लावून घेऊ नकोस."

"नाही काका, तीनदा तपासलंय मी. काकूंची गफलत झाली असेल."

होडी आली. खाली ओळ आली: "तुझ्या जागी नवा माणूस पाठवला आहे. सामान आवरून ठेव."

"होडीत ती असते," काका म्हणाले.

"नवा दीपगृहवाला असतो, काका. ती येतच नाही," लेखक उत्साहाने म्हणाला. त्याला अजून वाटत होतं की तो चित्रपटाच्या रसग्रहणाबद्दल बोलतोय.

"एकोणतीस वर्षं तिनं लोकांचे निरोप पोचवले," काका म्हणाले. "एका शब्दाची गफलत नाही." मग म्हणाले, "चहा ठेवतो." पण उठले नाहीत. लेखकच थोड्या वेळाने उठून गेला.

पुढच्या रविवारी खालून पुटपुट आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काकांचं एकटेपण तोवर एका जागी नीट बसलेलं होतं; रविवारी दुपारी तीन ते पाच त्याला सोबत होती. आता ते घरभर झालं. काका ओट्यापाशी उभ्यानेच जेवू लागले. रेडिओ दिवसभर चालू, आणि तोही बातम्या संपल्यावर नुसता खरखरणारा. एका शाळेचा शिक्का परत आला, त्यात एक वेलांटी उलटी लागली होती. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. ते वेलांटीकडे बघत राहिले. एक सिनेमा खोटा, तर बाकीच्या चाळिसांचं काय? गोगलगाय तरी मरते का खरंच? आणि सिनेमेच खोटे, तर शेजारी बसून ते सांगणारी बाई कोण होती?

सहाव्या आठवड्यात ते जिना चढून वर आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाच-सहा कॅसेट.

"काय साहेब, आहेस का?"

कनिष्ठ लिपिकाला ते साहेब म्हणायचे, वर अरे-तुरेही करायचे. माफी मागायची तर कुठून सुरुवात करायची, हे तो पाच आठवडे ठरवत होता.

"तिनं काय सांगितलं ते मी सांगतो. खरं काय ते तू सांग. सगळ्यांचं."

मग रविवारी दुपारी पुन्हा टीव्ही लागू लागला. लेखक स्टुलावर. काका आधी काकूंची ओळ म्हणत आणि लेखकाकडे बघत. लेखक म्हणे, "बरोबर." पुढची ओळ. "बरोबर." कचेरीत हजेरी घेतल्यासारखं. बर्फातला वकील शेवटी गोठून मरतो, ते काकूंनी जसंच्या तसं सांगितलेलं. गोगलगायही रीतसर मरते.

'मुकी शिंपीण' लागली तेव्हा लेखकाला शहाणपण सुचलं. शिंपिणीचा मुलगा लढाईवरून परत येत नाही, दारात येतो तो निरोप घेऊन आलेला दुसराच शिपाई; पण काका म्हणाले, "तिनं सांगितलं, दारात मुलगा उभा असतो, तो म्हणतो, मी आलो." लेखक म्हणाला, "बरोबर."

काकांनी टीव्ही थांबवला. "ओळ केवढी होती?"

"म्हणजे?"

"दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत सात शब्द. 'मी आलो' म्हणायला इंग्रजीत दोन ओळी लागतात होय? जन्म गेला माझा अक्षरं मोजण्यात, साहेब."

लेखकाने खरं सांगितलं.

"खोटं बोलावं तर तिनं," काका म्हणाले. "तुला नाही जमत."

"पण काका, मग काकू सांगायच्या तेव्हा कसं लक्षात आलं नाही?"

"ती बोलायची तेव्हा मी ओळी कुठे मोजत होतो?"

तपासणी संपायला नऊ महिने गेले. शेवटच्या रविवारी काकांनी सगळ्या डब्या जमिनीवर तारखेप्रमाणे मांडल्या. पहिल्या पंचवीस अस्सल. सव्विसाव्या डबीवर अकरा मार्चचा शिक्का, आणि तिथून घोटाळा सुरू. तिच्यासकट उरलेल्या सोळांपैकी चार ठीक होत्या. त्यांत कुणी मागे राहत नव्हतं. अकरा बदललेल्या. त्या अकराही सिनेमांत कुणीतरी निघून जातं, आणि कुणीतरी एकटं घरात उरतं. काकूंनी त्या सगळ्यांना परत आणून सोडलं होतं. उरलेली एक डबी काकांनी बाजूला ठेवली, तिच्याबद्दल काही बोलले नाहीत.

"अकरा मार्च," काका म्हणाले, आणि जमिनीवरच बसून राहिले. "त्या आठवड्यात ती एकटीच मोठ्या दवाखान्यात गेली होती. मला म्हणाली, पित्त आहे. मला कळलं ते पुढच्या वर्षी, पाऊस संपल्यावर. तिला तेव्हाच कळलं असणार."

लेखक म्हणाला, "तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"ते कळतंय रे मला." काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण दीड वर्ष ती एकटीच होती की या घरात. शेजारी बसून. आणि मी गोगलगायीच्या शिंगांवर बोलत होतो."

लेखकाने चहा ठेवला. तो कडू झाला, पण काका प्यायले.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा जिना चढून आले. यावेळी पिशवीत त्या अकरा कॅसेट.

"तुझी मराठी काढून टाक," ते म्हणाले. "तिची घाल."

"पण काका, आता तुम्हाला खरं माहीत आहे."

"माहीत आहे तर असू दे. सिनेमेवाल्यांनी त्यांचं सांगितलं, तिनं तिचं सांगितलं. मला दोन्ही कळलं. आता ऐकायचं कुणाचं ते मी ठरवीन ना?"

मग काका सांगत आणि लेखक टाइप करी. काका काकूंच्या आवाजात सांगत, म्हणजे कुठल्याच आवाजात नाही. मध्येच थांबून दुरुस्ती करत: "'येईन' नाही, 'येते'. ती 'येईन' म्हणायची नाही." एकेका रविवारी एकेक सिनेमा. शिंपिणीचा मुलगा आला. 'दीपगृह'ची पाळी आली तेव्हा होडीखाली कुठलीच ओळ घालायची नाही, असं काका म्हणाले. तिथे काकू काही बोलल्या नव्हत्या, फक्त बोटाने दाखवलं होतं. अकराही पार पडले. काका पुन्हा खुर्चीवर बसून वाचू लागले, हवेत बोट फिरवत, मोठ्याने.

शेवटी त्यांनी ती बाजूला ठेवलेली डबी आणली. 'धुक्यातला स्टेशनमास्तर'. 'पाहिला' असा शिक्का, खाली तारीख.

"हा शिक्का खोटा आहे," काका म्हणाले. "शेवटी माझा डोळा लागला होता. जागा झालो तर पडदा निळा, आणि ती तशीच बसलेली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, बघितलास की तू. मग मला सांगायला लाज वाटली. शिक्का मारून टाकला."

लेखकाने शेवटची चार मिनिटं लावून बघितली. स्टेशनमास्तर, फलाट, धुकं, बायकोची गाडी, आणि खाली बावीस ओळी.

"मी झोपलोय म्हटल्यावर तिनं खरं वाचलं असेल का रे?"

"झोपलेल्या माणसाला कोण वाचून दाखवतं, काका?"

"ती दाखवेल. लाइन चालू असताना ती गप्प बसायची नाही." ते डबीवरचा शिक्का अंगठ्याने चोळत राहिले. "खरं काय आहे ते मला सांगू नकोस. तेवढी चार मिनिटं तू घाल. पण तिच्यासारखी. तू मोजून करशील आता, शिकलास."

लेखक म्हणाला, "पुढच्या रविवारी देतो."

त्याला आठ महिने झाले. मधल्या काळात लेखकाची बदली झाली, खोली सुटली, दुसऱ्या गावी दुसरी वरची खोली मिळाली. काका महिन्यातून एकदा फोन करतात. जेवलास का विचारतात, कचेरीत साहेब झालास का विचारतात, आणि स्टेशनमास्तराचा विषय चुकूनही काढत नाहीत. लेखक दर रविवारी दुपारी संगणक उघडतो. गाडी येते, धुकं हलतं, फलाटावरचा माणूस वळून बघतो, आणि काकूंनी शेजारच्या खुर्चीवर झोपलेल्या नवऱ्याकडे बघून आता काय म्हटलं असेल, इथे येऊन तो अडतो. बावीस ओळींतली पहिलीसुद्धा अजून लिहून झालेली नाही.