मुळाचं टोक

कांद्याची मुळं सकाळीच कापायची असतात, कारण तेव्हा त्यांच्या पेशी जोमाने वाढत असतात. पाण्यावर बसवलेल्या कांद्याची ती पांढरीशुभ्र मुळं मी ब्लेडने छाटते, ॲसिडात टाकते, लाल रंगात बुडवून दिव्यावर तापवते. मग टोक स्लाइडवर, त्यावर नखाएवढी पातळ काच, वर टिपकागद, आणि अंगठ्याने चिरडायचं. इतकी वर्षं शिकवतेय, पण दात आवळल्याशिवाय अजूनही तो अंगठा दाबला जात नाही.

काल अकरावीच्या वैदेहीला सूक्ष्मदर्शकात नुसता लाल गोळा दिसत होता.

"दाबलं नाहीस तू."

"हळूच दाबलं, मॅडम. कसंतरी वाटलं."

"इथे कसंतरी वाटून चालत नाही. दे अंगठा!"

तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून मी सगळा भार टाकला. काचेखाली गोळा फुटला, पसरला.

वाळक्या मुळाच्या वाटेला कुणी जात नाही. ब्लेड फिरतं ते वाढणाऱ्यावरच. वाढ म्हणजे काय ते बघायचं, म्हणून तिचाच गळा घोटायचा. याला आम्ही जीवशास्त्र म्हणतो!

वैदेहीने पुन्हा डोळा लावला आणि ओरडलीच, "दिसलं, मॅडम! एका पेशीच्या दोन होताहेत!" मग बराच वेळ बघत राहिली. "पण ही अर्ध्यावरच थांबलीय. पुढे कधी सरकेल?"

मी ब्लेड पुसत राहिले. तिने हळूच मान वर केली, आणि स्वतःच्या लाल झालेल्या अंगठ्याकडे पाहिलं.