तलावावर सून बोलेल

“सून लाखात एक आहे वं, पण तिच्या तोंडात जीभ आहे का नाही, तेच समजून नाही राहिलं.”

हे सासूबाई अंगणात शेजारच्या नलूकाकूंना सांगत होत्या आणि मी वर गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पुढचंही ऐकू आलं. पोरीचं इथं मन लागत नसंल. आता रोज सकाळी तिला तलावावर फिरायला नेऊ, मोकळी होईल. संक्रांतीपर्यंतही बोलली नाही, तर पांढुर्ण्याला तिच्या बाबांना फोन करून सांगू, काही दिवस घेऊन जा म्हणून.

माझ्या बाबांना मी ओळखते. ‘पोरीचं मन लागत नाही’ एवढं ऐकलं की ते दोन्ही मामांना घेऊन इथं सौंसरला हजर होतील आणि तिकडे आईच्या घशाखाली घास उतरणार नाही. माझं मन तर छान लागलं होतं! पण हे गच्चीवरून ओरडून कसं सांगायचं?

तर असं माझ्यावरचा इलाज म्हणून आमचं फिरणं सुरू झालं. सासूबाई, रिटायर्ड मास्तर असलेले सासरे, नलूकाकू, त्यांचे संत्र्याचा व्यापार करणारे वासुदेवकाका आणि मी पेशंट. नवरा बोरगावला कंपनीत शिफ्टला, म्हणून सुटला. तलावाकाठच्या गवतातून चालताना साडीला कुसळं चिकटतात, तसे किस्सेही चिकटत गेले. काही झटकले, काही राहिले.

*

पहिल्याच दिवशी पाण्यावरच्या वाळक्या फांदीवर एक निळा पक्षी दिसला. नलूकाकू जागच्या जागी थांबल्या, चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. दसऱ्याला नीळकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात, आणि काकूंना दसऱ्याला काही तो दिसला नव्हता. त्यामुळे थंडीत अनवाणी उभं राहून त्यांनी नातवाच्या ॲडमिशनपासून स्वतःच्या गुडघ्यांपर्यंत सगळं मागून घेतलं. तोवर पक्ष्याने पाण्यात सूर मारला, मासा धरला आणि तो निघूनही गेला.

सासरे म्हणाले, तो नीळकंठ नव्हताच, खंड्या होता.

काकूंनी शांतपणे चपला घातल्या. “मंग आता जोडलेले हात वापस घेऊ काय, गुरुजी?”

*

वासुदेवकाका फळ झाडावर असतानाच बगीचा विकत घेतात. झाडाभोवती एक चक्कर मारून, नुसत्या नजरेने, माल किती निघेल ते सांगतात. त्यामुळे कोणतीही गोष्ट मागच्या बाजूनं पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. आमच्या लग्नातही म्हणे ते स्टेजच्या मागे जाऊन आले होते.

एकदा समोरच्या पाण्यात बदकांचा मोठा थवा पसरला होता. सासूबाई म्हणाल्या, किती भरून गेला तलाव! काकांनी मान हलवली. नवा व्यापारी समोरची बाजू पाहूनच फसतो म्हणाले, मागून पाहू. मग धुक्यातून, चिखलातून, बेशरमाच्या झुडपांतून वाट काढत आम्ही सगळे तलावाला वळसा घालून पलीकडे गेलो. आमची चाहूल लागून बदकं तोवर आम्ही निघालो होतो त्या काठाला जाऊन पोचली होती.

काकांनी समोरच्या रिकाम्या पाण्याकडे बोट दाखवलं. “म्हटलं होतं नं? मागची बाजू पुरी खाली!”

*

सासऱ्यांचा आवाज अजून वर्गातलाच आहे. ते पक्ष्यांची माहिती सांगायला लागले की माहिती ऐकायला पक्षी थांबत नाहीत. एका सकाळी त्यांनी ‘ही बदकं हिमालय ओलांडून...’ एवढंच म्हटलं आणि सगळा थवा फडफडत उठला. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, “ए, बसा खाली!”

बदकं काही बसली नाहीत. पण काठाशी कमरेएवढ्या पाण्यात म्हैस धूत असलेला, मिशा पिकलेला एक माणूस गपकन खाली बसला. गळ्यापर्यंत. ऐन डिसेंबरच्या पाण्यात!

तसाच बसून म्हणाला, “नमस्ते, गुरुजी.”

सासऱ्यांनी त्याला ओळखलं, मुलाबाळांची चौकशी केली, आणि आम्ही पुढे निघालो. चांगला पोरगा होता, ते कौतुकानं सांगत होते, ‘ऊठ’ म्हटल्याशिवाय कधी उठला नाही.

मग एकदम थांबले आणि लगबगीनं मागे गेले.

*

इलाजाची मुख्य जबाबदारी सासूबाईंकडे होती. मला बोलतं करायला त्या रोज प्रश्न विचारायच्या. “थंडी वाजते काय वं? वाजतच असंल, स्वेटर पातळ आहे. भाजी कोणती करायची? वांगेच करू. करमते नं इथं तुले?”

शेवटच्या प्रश्नाला मी तोंड उघडलं, तोवर त्या नलूकाकूंकडे वळून म्हणाल्या, “लाजते.”

नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “मीही नोकरी लागल्यावरच बोलायला लागलो. कंपनीत.”

*

संक्रांत अगदी तोंडावर आली. त्या दिवशी तलावाच्या पाळीवर बसून संत्री सोलता सोलता माझ्यासमोरच माझ्या तब्येतीची चर्चा झाली. काका म्हणाले, कलम नवं आहे, जागा बदलून पाहू. काकू म्हणाल्या, बसनं नको, गाडीनं पाठवा. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. “पोरगी चांगली आहे. माझंच काही चुकलं असंल.”

सासऱ्यांनी चष्मा वर करून मोबाईल काढला, नंबर शोधला आणि स्पीकर चालू केला. रिंग वाजायला लागली.

आणि समोर, आम्ही बराच वेळ एका जागी बसलो होतो म्हणून असेल, नारिंगी रंगाची चक्रवाकाची जोडी तलावाच्या मधून आमच्याकडे निघाली. मागून आणखी बदकं. इतक्या जवळ ती या हिवाळ्यात एकदाही आली नव्हती. एकाचे पाय तर काठाच्या चिखलाला लागले होते.

फोन उचलला गेला. “हॅलो, गुरुजी? सगळं बरं आहे नं?” बाबांचा आवाज घाबरलेला होता. इकडे चौघंही एकदम बोलायला लागले.

मी सासऱ्यांच्या हातातून फोन घेतला.

“बाबा, मी मजेत आहे. संक्रांतीले तुम्हीच या इकडे. ठेवते.” मग या चौघांकडे वळले. “मी कुठंच नाही जात. आणि सगळे जरा चूप राहा नं, बदकं जवळ येऊन राहिले.”