लाल रेघेच्या खाली

फोनवर सगुणचं नाव दिसलं म्हणून मी उचलल्या उचलल्या खेकसलो, "किदें रे, आज तरी चवथीच्या बाजाराक येतलोय मरे?" पलीकडे त्याची बायको, शालन वहिनी होत्या. "भावजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. चतुर्थीला आठ दिवस होते. त्याला दोन महिने झाले. राग ओसरतो म्हणतात, माझा ओसरलेला नाही. पंचवीस वर्षांच्या मित्रावर मेल्यावर रागवू नये, हे मला कळतं. तरी रागावलोच आहे. त्याच्यावर आणि माझ्यावरही.

सगुण सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक दुरुस्त करायचा. स्वतःकडे जुनी बुलेट, आणि कानाचा भारी गर्व. इंजिनाचा आवाज ऐकला की आत काय चाललंय ते कळतं, असं चारचौघांत सांगायचा. एकदा आम्ही इब्रामपूरला निघालो होतो. वाटेत इंजिन कण्हल्यासारखं वाटलं, मी म्हटलं थांबव. "आवाज बरो आसा, तू गप बस," म्हणाला, आणि पुढच्या चढावर इंजिन जाम झालं. तेलाचा पंप कधीच बसला होता. बुलेट टेम्पोत घालून डिचोलीला आणली.

इंजिन पुन्हा बांधताना त्याने तेलाचा दाब दाखवणारा काटा बसवायला घेतला. भंगारात गेलेल्या खनिजाच्या ट्रकवरून काढलेला. इंजिनाच्या डोक्याला तेल नेणाऱ्या नळीचा बोल्ट भोक पाडून आणला, त्यातून बारीक तांब्याची नळी हँडलपर्यंत ओढली. तांब्याचे वायसर लाल होईस्तो तापवले आणि पाण्यात टाकले, म्हणजे मऊ होऊन घट्ट बसतात. दोन रविवार मी नुसता बॅटरी धरून उभा. एवढं करून काटा ट्रकचा, बुलेटच्या कमी दाबावर जेमतेम हलायचा. मी हसलो. त्याने आतून वहिनींचं नेलपॉलिश आणलं, काचेवर अगदी खाली एक लाल रेघ ओढली आणि म्हणाला, "काटो हिच्या सकयल गेलो की गाडी बंद. विचारीत रावूं नाका."

हाच माणूस! छातीत कळ येऊन घामाघूम झाला, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, याच आठवड्यात ऑपरेशन. घरी आल्यावर तो घुटमळला. आणि मी, शहाणा, म्हणालो, "देवाक विचारून पळोवया." आमच्याकडे विहीर खणायची तरी देवाचा प्रसाद, म्हणजे कौल, घेतात, त्यामुळे कोणालाच वावगं वाटलं नाही. पुजाऱ्यांनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली तर लगेच ऑपरेशनला जायचं, डावी पडली तर चतुर्थी उरकून. डावी पडली. "बरें जालें. चवथ करूया, मागीर वचूया," सगुण म्हणाला. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं. गणपतीवर फळं-फुलं टांगतात त्या माटोळीचं सामान आणायचं होतं... देवाला मी दोष देत नाही. डॉक्टरांनी उत्तर दिलेलं असताना प्रश्न घेऊन आम्ही गेलो. बाराव्याला लोक जेवता जेवता म्हणत होते, तितकंच आयुष्य होतं. मी पानावरून उठलो. तितकंच नव्हतं. आम्ही ते तितकं केलं.

बुलेट वहिनींनी मला दिली. परवा बायकोला मागे बसवून घरी येत होतो. आमच्या वाड्यावरची घरं दिसू लागली आणि काटा थरथरत लाल रेघेच्या खाली गेला. इंजिनाचा आवाज अगदी छान होता. "घर हें दिसता मरे, हळू हळू व्हर," बायको म्हणाली. मी चावी फिरवली आणि बुलेट ढकलायला लागलो. उन्हात, चढावर, घामाने निथळत. जो तो थांबून विचारत होता, काय झालं? काही झालेलं नव्हतं. म्हणूनच तर ढकलत होतो.