धाकट्याच्या दगडावरची ओळ

चर्चच्या मंडळीत सगळे त्याला अक्षरमामा म्हणत. कबरींच्या दगडांवर नावं कोरण्यात त्याची हयात गेली होती. प्रत्येक नावाखाली तो आपण होऊन एक ओळ कोरायचा: ‘याच्यासाठी ख्रिस्त मेला.’ त्यावर कधी तक्रार आली नाही; ज्यांच्या डोक्याशी ती होती, ते बोलण्यापलीकडे गेले होते.

मग नवे पाळकसाहेब आले. लागोपाठ दोन रविवार त्यांनी घसा फोडून सांगितलं, की ख्रिस्त मेला तो देवानं आधीच निवडलेल्यांसाठी. सगळ्यांसाठी मेला म्हणावं आणि निम्मे नाशाला जावेत, तर त्याचं रक्त फुकटच गेलं की! निवृत्त मास्तरांनी पायरीवरच त्यांना गाठलं. “शास्त्रात ‘सबंध जगासाठी’ लिहिलंय, ते काय शाई उरली होती म्हणून?” मंडळीत दोन तट पडले, चहाची किटली तेवढी एक राहिली.

तिसऱ्या आठवड्यात मामाचा धाकटा भाऊ गेला. वीस वर्षं तो चर्चकडे फिरकला नव्हता. शेवटचा आला तो पिऊन, तेव्हा भर उपासनेतून मामानंच त्याला दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

मंडळीची रीत अशी, की अक्षरं आधी पेन्सिलीनं काढायची, पाळकांना दाखवायची, मग छिन्नी. पाळकसाहेबांनी दगड पाहिला आणि ओळ ओल्या फडक्यानं पुसली.

“नाव राहू द्या, मामा. पुढचं आपल्याला काय ठाऊक?”

मामानं ती पुन्हा काढली. त्यांनी पुन्हा पुसली.

घरात मामा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालू लागला.

“अहो, टेका की जरा! फरशी झिजवून भाऊजी तरणारेत का?” मामी म्हणाली.

“तो निवडलेला नव्हताच, तर माझ्या ढकलण्यानं काही बिघडलं नाही. मी सुटलो.”

“मग सुटा.”

“तेच तर जमत नाही गं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं पेन्सिल न उचलताच छिन्नी लावली. पाळकसाहेब फडकं घेऊन आले तेव्हा ओळ पुरी झाली होती. त्यांनी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“समितीला सांगतो, मला यायला उशीर झाला.”

“ते ठीक. पण साहेब, खरंय का हे?”

पाळकसाहेब फडक्याची घडी घालत राहिले. “तुमच्या भावाचं विचाराल तर... मला माहीत नाही, मामा.”

मामानं मान डोलावली आणि पायात चपला सरकवून तो पुन्हा चालायला बाहेर पडला.